होमाईबाईंचा कॅमेरा आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझे काम ठरलेले असते. सकाळी मसालेभाताचे पातेले चढवायचे, दुपारी सतरंज्या घालायच्या आणि कार्यक्रम सुरू झाला की मोबाईल घेऊन कोपऱ्यात उभे राहून फोटो काढायचे. या व्यासपीठावर मी आजवर आले ती समईत तेल घालायला किंवा पाहुण्यांना पाणी द्यायला. यंदा मात्र अध्यक्षबाईंनी मला पकडले. म्हणाल्या, "तू एवढे फोटो काढतेस, तर फोटोवरच चार शब्द बोल." मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. मी काय बोलणार?" तर म्हणाल्या, "सातवीपर्यंत बोलायला शिकवतात की नाही?" आता यावर काय उत्तर देणार! म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर सांभाळून घ्या.

मी आज एका बाईंची गोष्ट सांगणार आहे आणि शेवटी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. चूक सांगायला मला जास्त वेळ लागणार नाही, पण धीर जास्त लागणार आहे. म्हणून आधी त्या बाईंविषयी.

त्यांचे नाव होमाई व्यारावाला. आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, म्हणजे वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या पहिल्या बाई. हे नाव मला पहिल्यांदा कळले ते २०१७ साली. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. ९ डिसेंबरला तिने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, बघ, आज गूगलवर तुझ्यासारख्या फोटोवाल्या बाईंचं चित्र आहे." तो होमाईबाईंचा जन्मदिवस होता. मी पोळ्या लाटत होते. हात पिठाचे, म्हणून तिनेच मला वाचून दाखवले. पुढे तिने वाचनालयातून त्यांच्याविषयीचे इंग्रजी पुस्तक आणले. मी फोटो बघायचे आणि ती मला अर्थ सांगायची. अशा रीतीने माझा हा अभ्यास स्वयंपाकघरात झाला आहे.

होमाईबाईंचा जन्म १९१३ साली गुजरातेत नवसारीला एका पारशी घरात झाला. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट होते. म्हणजे घरात पैशाचा ओघ बेताचाच. पुढे कुटुंब मुंबईला आले. मुलींनी फार शिकू नये असे म्हणणारे लोक तेव्हा सगळ्याच जातींत होते. तरी या मुलीने शाळा सोडली नाही. मॅट्रिकच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. सगळे मुलगे आणि मधे एक मुलगी! आपल्यापैकी ज्या जणींची शाळा "वर्गात मुली कोणी नाहीत" एवढ्याच कारणाने सुटली, त्यांना याचे मोल कळेल. माझी स्वतःची शाळा सातवीनंतर सुटली ती याच कारणाने. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि आमच्या वाडीतून तिकडे जाणारी दुसरी मुलगी नव्हती.

तेरा वर्षांच्या असताना त्यांची माणेकशा व्यारावाला यांच्याशी ओळख झाली. माणेकशांना फोटोग्राफीची हौस होती आणि ते पुढे टाइम्स ऑफ इंडियात नोकरीला होते. त्यांनी होमाईंना कॅमेरा शिकवला. होमाईंनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कलेचेही शिक्षण घेतले. चित्र काढताना प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे तिथे शिकवतात. ते सगळे पुढे त्यांना कॅमेऱ्यात उपयोगी पडले. १९४१ साली दोघांचे लग्न झाले.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकून मला स्वतःला फार आनंद झाला होता. होमाईबाईंचे पहिले फोटो छापून आले ते १९३८ साली, बॉम्बे क्रॉनिकल या वर्तमानपत्रात. ते फोटो कशाचे होते? कोणा पुढाऱ्याचे नव्हते, राजवाड्याचे नव्हते. ते होते बायकांच्या एका क्लबच्या सहलीचे! आपण नाही का गेल्या मार्गशीर्षात औदुंबरला गेलो होतो, तशीच ती सहल. एका फोटोला त्यांना एक रुपया मिळाला. भगिनींनो, ज्या बाईंनी पुढे लाल किल्ल्यावरच्या झेंड्याचा फोटो काढला, त्यांच्या कामाची सुरुवात आपल्यासारख्या बायकांच्या डबा-पार्टीने झाली. तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमांना कोणी "बायकांचे काहीतरी" म्हणाले, तर हे सांगायला विसरू नका.

सुरुवातीचे त्यांचे काही फोटो छापून येत ते मात्र माणेकशांच्या नावाने. बाईने काढलेला फोटो कोण मानणार? हे वाचून दाखवताना माझी मुलगी चिडली होती. मी चिडले नाही, मला ते ओळखीचे वाटले. आपल्यापैकी कितीजणींनी केलेले काम घरच्या पुरुषाच्या नावाने गावात ओळखले जाते! पापड आपण लाटतो आणि पाटी लागते ती "अमुक अमुक आणि सन्स" अशी. पण माणेकशांविषयी एक सांगितले पाहिजे. त्यांनी बायकोला हे काम शिकवले, पुढे जाऊ दिले आणि तिचे नाव मोठे झाले तेव्हा त्यांचा मान कुठे दुखावला नाही.

पुढे होमाईबाईंनी एक टोपणनावही घेतले. ते नाव होते "डालडा १३". हसू नका, खरेच सांगते! त्यांचा जन्म १९१३ चा, नवऱ्याची ओळख तेराव्या वर्षी आणि त्यांच्या पहिल्या मोटारीचा नंबर होता डीएलडी १३. डीएलडी म्हणजे डालडा! आमच्या सासूबाईंकडे डालड्याचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात आता तुळस लावली आहे. हे ऐकल्यापासून त्या तुळशीला पाणी घालताना मला होमाईबाईंची आठवण होते.

१९४२ साली व्यारावाला पतिपत्नी दिल्लीला गेले. ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात त्यांना काम मिळाले होते. ते काम सांभाळून होमाईबाई वर्तमानपत्रांसाठी आणि साप्ताहिकांसाठीही फोटो काढीत. दिल्लीच्या रस्त्यांवरून ही बाई साडी नेसून, सायकलवर, कॅमेऱ्याचे सगळे ओझे घेऊन हिंडत असे. ओझे म्हणजे किती, ते आपल्याला आज कळायचे नाही. त्या वेळचा स्पीड ग्राफिक कॅमेरा म्हणजे एखाद्या लहान पेटीएवढा. त्याला फिल्मचा एकेक सुटा तुकडा लावावा लागे. एक फोटो काढला की तो तुकडा बदलायचा. रात्रीच्या उजेडासाठी लावायचा दिवा एकदाच पेटायचा, पुढच्या फोटोला नवा दिवा. म्हणजे एक फोटो चुकला तर फिल्म गेली, दिवा गेला आणि ती घटकाही गेली. आज मी आपल्या हळदीकुंकवाला दोनशे फोटो काढते आणि त्यातले दहा कामाचे निघतात. होमाईबाईंना आधी विचार करावा लागे, मग थांबावे लागे आणि मग बोट दाबावे लागे. आपण आधी बोट दाबतो आणि विचार मागाहून करतो.

लोक त्यांना बघून हसत. साडीतली बाई कॅमेरा घेऊन मोठ्या लोकांत काय हिंडते, मिरवायला आली असेल, असे त्यांना वाटे. होमाईबाई म्हणत की ते माझ्या पथ्यावरच पडले. लोक मला गंभीरपणे घेत नसत म्हणून कोणी अडवत नसे, आणि जिथे इतरांना जाता येत नसे तिथे मला जाता येई. फोटो छापून आले की मग लोकांना कळे, या बाई काय करीत होत्या ते. मला हे फार आवडले. आपल्याला कोणी कमी लेखले तर आपण रडत बसतो. त्यांनी त्याच गोष्टीची वाट करून घेतली.

त्यांनी काय काय पाहिले, ते ऐका. १९४७ साली फाळणीच्या निर्णयाच्या वेळी हात वर करून मत देणारे काँग्रेसचे सभासद त्यांनी टिपले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लाल किल्ल्यावरचा झेंडा टिपला. जिनासाहेब पाकिस्तानात जाण्यापूर्वीच्या त्यांच्या दिल्लीतल्या शेवटच्या पत्रकार बैठकीला त्या गेल्या होत्या. नीट दिसावे म्हणून खोक्यांवर चढल्या आणि धाडकन पडल्या. सगळ्या गडबडीत जिनासाहेबांनीच त्यांना, लागले का, म्हणून विचारले. १९४८ साली माउंटबॅटनसाहेब देश सोडून निघाले, तेही त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. १९५६ साली तरुण दलाई लामा आले, १९६१ साली इंग्लंडच्या राणीसाहेब आल्या, १९६२ साली केनेडींच्या पत्नी आल्या. या सगळ्यांना त्यांनी टिपले.

पण एक फोटो त्यांच्या हातून राहिला, त्याची चुटपुट त्यांना जन्मभर लागली. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. घराबाहेर पडल्याही होत्या. माणेकशांनी हाक मारली की उद्या दोघे मिळून जाऊ. त्या परत फिरल्या. त्याच संध्याकाळी गांधीजी गेले. पुढे अंत्ययात्रेचे आणि चितेचे फोटो त्यांनी काढले. आपल्यापैकी कितीजणी कुठल्या ना कुठल्या कामाला निघालेल्या अशाच हाकेसरशी अर्ध्या वाटेवरून परत फिरल्या असतील! हाक मारणाऱ्याचा दोष नसतो. पण चुटपुट राहते ती परत फिरणारीलाच.

पंडित नेहरूंचे फोटो त्यांनी पुष्कळ काढले. एका फोटोत नेहरू विमानतळावर उभे आहेत आणि त्यांच्या शेजारीच पाटी आहे, "फोटो काढण्यास सक्त मनाई"! एका फोटोत ते कबुतर सोडत आहेत. एकात बहीण विजयालक्ष्मी परदेशातून आली आहे आणि तिला त्यांनी पोटाशी धरले आहे. तो फोटो बघताना पंतप्रधान दिसत नाहीत, भाऊबीजेला बहीण आलेली बघून हरखलेला कोणाचाही भाऊ दिसतो. १९६४ साली नेहरू गेले तेव्हा होमाईबाईंनी इतर फोटोग्राफरांपासून तोंड लपवून रडून घेतले. काम थांबवले नाही, पण रडल्या.

आता मी मुद्द्यावर येते. हे सगळे फोटो बघताना मी मुलीला विचारले, "अगं, यात कोणाचंच हसं झालेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं का?" इतकी वर्षे एवढ्या मोठ्या लोकांच्या मागे ही बाई कॅमेरा घेऊन हिंडली. कोणी जांभई दिली असेल, कोणाचा तोल गेला असेल, कोणी डोळे पुसले असतील. अशा फोटोला गिऱ्हाईक मिळतेच. पण समोरच्याची मर्यादा सोडून फोटो काढायचा नाही, हा त्यांचा आणि त्या वेळच्या फोटोग्राफरांचा नियम होता. कसे कपडे घालायचे, कुठे उभे राहायचे, एकमेकांशी कसे वागायचे, याचेही नियम होते. पोटासाठी काम होते, पण कामाला रीत होती.

आणि ही रीत मोडू लागली तेव्हा त्यांनी काय केले? १९७० साली कॅमेरा ठेवून दिला. माणेकशा त्याच सुमाराला वारले होते. नवीन पिढीचे फोटोग्राफर धक्काबुक्की करू लागले होते, झटपट पैशाच्या मागे लागले होते. या गर्दीत मला राहायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि पुन्हा धंद्यासाठी कॅमेरा हातात धरला नाही. राजस्थानात पिलानीला मुलाजवळ राहिल्या, मग बडोद्याला आल्या. १९८९ साली तो एकुलता मुलगाही कॅन्सरने गेला. त्यानंतर बडोद्याला एकट्याच राहिल्या. घरातली मोडतोड स्वतः दुरुस्त करायच्या, बाग करायच्या. आपण कोण होतो हे शेजाऱ्यांना सांगत बसल्या नाहीत. लोकांना त्यांची पुन्हा आठवण झाली ती खूप उशिरा. २०१० साली दिल्लीला राष्ट्रीय कलासंग्रहालयात त्यांच्या फोटोंचे मोठे प्रदर्शन भरले. २०११ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

त्यांच्याकडे रोलीफ्लेक्स म्हणून आणखी एक कॅमेरा होता. माझ्या मुलीने मला त्याची रचना समजावून दिली. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो छातीशी किंवा पोटाशी धरायचा आणि त्याच्या वरच्या काचेत खाली बघायचे. म्हणजे फोटो काढणाऱ्याची मान आपोआप वाकते. मी विचार केला, हे बरे आहे. देवाला नमस्कार करताना जशी मान वाकते, तशी मान वाकवून त्या लोकांचे फोटो काढीत होत्या. आपला मोबाईल आपण समोरच्याच्या तोंडासमोर धरतो, बंदूक रोखावी तसा.

आणि आता माझी चूक.

२०१९ सालच्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तो आपण सर्वांनी भोगला आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरांत पाणी होते. पाणी उतरल्यावर आपल्या मंडळाने वर्गणी काढली, चादरी आणि भांडी घेतली आणि खालच्या वस्तीत वाटायला गेलो. फोटोचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे होते. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना दाखवायला हवे, हिशेब चोख हवा, असे सर्वांचे मत होते. त्यात वाईट काही नव्हते.

रांगेत एक मावशी होत्या. वय साठीच्या पुढे. स्वच्छ पण ओलसर लुगडे. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर पुढे ओढून घेतला आणि खाली बघत हात पुढे केले. माझ्या मोबाईलमध्ये नुसता पदरच दिसत होता. मी म्हणाले, "मावशी, जरा वर बघा की. फोटोत तोंड येत नाही." त्यांनी ऐकले नाही. मी पुन्हा म्हणाले. मागे रांग खोळंबली होती, कोणीतरी ओरडले, "वर बघा ओ, म्हणजे आटपंल!" तेव्हा त्यांनी मान वर केली. मी फोटो काढला. फोटो चांगला आला. इतका चांगला आला की मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाखाणला. मग तो दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून तिसऱ्या. मी मनात खूश होते.

आठ-दहा दिवसांनी दुपारच्या वेळी मावशी आमच्या दारात आल्या. हातात ती चादर होती. धुऊन, वाळवून, चौकोनी घडी घातलेली. मी म्हटले, "या मावशी, बसा." बसल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वैनी, ही चादर घ्या माघारी. आणि माझा फोटू पुसून टाका."

मला काही समजेना. मग हळूहळू कळले. त्यांची मुलगी पलीकडच्या गावात दिली आहे. तो फोटो फिरत फिरत तिच्या सासरी पोचला होता. तिच्या सासूने चार बायकांत विचारले होते, "तुझी आई आता मागून खाती व्हय?" मावशी मला म्हणाल्या, "आमी कुणाच्या दारात कदी हात पसरला न्हाई. पाण्यानं नेलं म्हून घेतलं. तुमी दिलं, बरं केलं. पर तोंड कशापायी दावलं?"

भगिनींनो, मी त्यांच्यासमोर मोबाईल काढला आणि फोटो पुसला. माझ्या मोबाईलमधला पुसला. पण तो आणखी किती मोबाईलमध्ये होता, ते मला ठाऊक नव्हते. मी ग्रुपवर सगळ्यांना हात जोडून विनंती केली. काहींनी पुसला, काहींनी "त्यात काय एवढे" म्हटले. दूध सांडले तर फडक्याने टिपता येते. हे टिपता येत नाही. चादर मी परत घेतली नाही म्हटले, तर मावशींनी ती आमच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेल्या. ती चादर माझ्या कपाटात आहे. मी ती वापरलेली नाही आणि कोणाला दिलेलीही नाही.

तुम्ही म्हणाल, होमाईबाई मोठ्या लोकांचे फोटो काढीत, त्याचा आणि याचा काय संबंध? मला वाटते, संबंध आहे. पंडितजींचा एखादा फोटो वाईट आला असता तर त्यांचे काय बिघडणार होते? दुसऱ्या दिवशी दुसरा चांगला छापून आला असता. तरीही होमाईबाईंनी त्यांची मर्यादा राखली. मग ज्या बाईचा जन्मात एकच फोटो चारचौघांत जाणार, आणि तोही हात पसरलेला, तिची मर्यादा किती जास्त राखायला हवी! ज्याला कोणाकडे तक्रार करता येत नाही, त्याच्यासाठीच तर रीत लागते. होमाईबाईंना रीत मोडलेली दिसली तेव्हा त्यांनी पोटाचा धंदा सोडला. मला तर दोन मिनिटे मोबाईल खाली घ्यायचा होता, तेवढेही मला सुचले नाही.

त्यानंतर मी सहा महिने मंडळाचे फोटो काढलेच नाहीत. विचारले तर "मोबाईल बिघडलाय" म्हणायचे. आज सांगते, मोबाईल बिघडलेला नव्हता. पुढे पुस्तक पुन्हा चाळताना तो बायकांच्या सहलीचा मजकूर मुलीने परत वाचून दाखवला आणि माझ्या मनात आले, फोटो काढणे वाईट नाही. त्या सहलीतल्या बायकांना आपला फोटो छापून आला म्हणून केवढा आनंद झाला असेल! त्यांनी तो कापून पेटीत जपून ठेवला असेल. म्हणजे ज्या बाईला दिसायचे आहे तिला दिसू द्यावे, आणि जिला पदर पुढे घ्यायचा आहे तिचा पदर राहू द्यावा. एवढे दोन्ही ज्याला कळले, त्याला फोटो काढता येतो असे म्हणावे.

माझ्या आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे. धाकट्या भावाच्या लग्नातला. सगळे पाटावर, खुर्चीवर बसलेले आहेत आणि आई कडेला, अर्धी कापलेली. कारण ती वाढप सोडून शेवटी धावत आली होती. फोटोवाल्याने थांबून तिला मधे घेतले नाही, आणि आमच्यापैकीही कोणी म्हटले नाही. आता ती नाही. घरी तिच्या तिथीला आम्ही तो अर्धा फोटोच पाटावर ठेवतो. एकीचा फोटो घ्यायला हवा होता, तो कोणी नीट घेतला नाही. एकीचा घ्यायला नको होता, तो मी हट्टाने घेतला. दोन्हीकडे चूक एकच, समोरच्या बाईकडे कोणी बघितलेच नाही.

म्हणून मी आज मंडळापुढे तीन विनंत्या ठेवते. अध्यक्षबाईंशी मी आधी बोलले आहे, त्यांची संमती आहे.

पहिली विनंती. यापुढे आपण कोणाला काही देऊ तेव्हा घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. वर्गणी देणाऱ्यांना हिशेब हवा असेल तर पावत्या आहेत, वही आहे, सामानाचा फोटो आहे. चादरींच्या गठ्ठ्याला लाज वाटत नाही.

दुसरी विनंती. फोटो काढण्यापूर्वी विचारायचे. आणि विचारताना मोबाईल खाली ठेवून विचारायचे, रोखून धरून नाही. "नको" म्हणाली तर "का" म्हणून विचारायचे नाही.

तिसरी विनंती. जिला फोटो चालतो, तिचे नाव फोटोखाली छापायचे. आजवर आपल्या स्मरणिकेत पाहुण्यांच्या फोटोखाली नाव असते आणि आपल्या फोटोखाली असते "मंडळाच्या भगिनी". होमाईबाईंचे फोटो दुसऱ्याच्या नावाने छापले जात, त्याचे आपल्याला वाईट वाटते ना? मग ज्या रात्री दोनपर्यंत जागून शंभर माणसांचा स्वयंपाक करतात, त्यांची नावे आपण का गाळावी? या स्मरणिकेसाठी मी यंदा स्वयंपाकघरात जाऊन फोटो काढला आहे. सर्वांना विचारून काढला आहे. दोघीजणी नको म्हणाल्या, त्या फोटोत नाहीत. बाकी सर्वांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून दिली आहेत, आणि वाढपाला गेलेल्या वैनींसाठी आम्ही पाच मिनिटे थांबलो होतो.

राहता राहिली ती चादर. मावशी अजून त्याच वस्तीत राहतात. पुरानंतर पहिल्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले, मोबाईल घरी ठेवून गेले. त्यांनी तिळगूळ घेतला, मला चहा दिला, पण त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही. दरवर्षी जाते. गेल्या संक्रांतीला त्यांनीच विचारले, "तुमच्या मंडळात पापडाला बाया लागत्यात का?" मी म्हटले, "लागतात की!" भगिनींनो, त्या आज इथे आल्या आहेत. कुठे बसल्या आहेत ते मी सांगणार नाही आणि तुम्हीही वळून बघू नका. ही सगळी हकीकत सांगू का, असे मी त्यांना आधी विचारले होते. त्या म्हणाल्या, "सांगा. नाव नका सांगू." म्हणून नाव सांगितलेले नाही.

 मसालेभात निवतो आहे, म्हणून एवढे बोलून मी माझे चार शब्द संपवते.